२१ दिवस आईच्या फोनवर

आई गेली तीन वर्षं एकच तक्रार करतेय की फोन हँग होतो. आणि मी तीन वर्षं तेच ऐकवतेय की तू ते गुड मॉर्निंगचे फुलाबिलांचे फोटो डिलीट कर, होतंय काय मग. त्यात मी पडले सॉफ्टवेअर टेस्टर, म्हणजे ॲप्स मोडून दाखवायचा मला पगार मिळतो, त्यामुळे फोनबद्दल घरात माझा शब्द शेवटचा असतो. निदान असायचा.

यावेळी कराडला गेले तेव्हा दादाने आणि मी मिळून तिला नवा फोन घेतला. जुन्याचे एक्स्चेंजमध्ये किती येतात बघितलं तर ६०० रुपये. दादा म्हणाला सहाशेला देण्यापेक्षा तूच वापर की महिनाभर, रोज आईला शिकवत असतेस ना. चहा पिता पिता बोललेली गोष्ट, पण मला झोंबली. महिना नाही म्हटलं, २१ दिवस. माझा फोन बंद करून कपाटात, सिम आईच्या जुन्या फोनमध्ये.

फोनचं नाव सांगत नाही कारण त्याची काही चूक नाही, सात हजाराच्या फोनने सात हजाराचं काम करायचं असतं. खरं म्हणजे तो आईसाठी घेतलाच नव्हता, २०२१ ला पुतण्याच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला, शाळा उघडल्या आणि फोन आईकडे आला, आमच्याकडे जुना स्वेटर जसा खाली सरकतो तसा. २ जीबी रॅम (म्हणजे चालू ॲप्सना लागणारी तात्पुरती जागा), ३२ जीबी स्टोरेज, अँड्रॉइडची ती 'गो' एडिशन, जी गूगलने २०१७ च्या शेवटी खास कमी रॅमच्या फोनसाठी काढली. फिंगरप्रिंट नाही, पॅटर्न काढायचा. आईचे फोटो नव्या फोनमध्ये कॉपी केले होते, पण जुन्यातले काढू दिले नाहीत तिने, "राहू दे गं, नव्याला काय झालं तर". म्हणजे मला फोन मिळाला तो आई वापरायची तसाच, भरलेला. प्रयोगाच्या दृष्टीने उत्तमच.

पहिल्याच दिवशी व्हॉट्सॲप. माझा बॅकअप ११ जीबीचा आणि फोनमध्ये जागा सव्वा जीबी, म्हणजे विषय संपला. मग लिंक्ड डिव्हाइस म्हणून जोडलं, २०२३ पासून दुसरा फोनही असा जोडता येतो. त्याची एक अट असते की मूळ फोनवर १४ दिवसांत एकदा तरी व्हॉट्सॲप उघडायला पाहिजे, नाहीतर जोडलेली डिव्हाइस लॉगआउट होतात. ही अट मला माहिती होती, टेस्टर आहे ना, आणि तरी पंधराव्या दिवशी सकाळी लॉगआउट झाल्यावरच आठवली. तेव्हा कपाटातला फोन अर्धा तास चालू करावा लागला, तेवढी फसवणूक धरा.

आता ओटीपी. ह्याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय.

आई ओटीपी मोठ्याने म्हणते. मेसेज आला की चष्मा लावून "चार... सात... सात... शून्य..." असं दोनदा घोकते आणि मग टाकते, आणि बऱ्याचदा कॅलेंडरच्या कडेला लिहून ठेवते. कराडच्या घरातलं कॅलेंडर बघितलंत तर दूधवाल्याच्या खाड्यांच्या मधे मधे सहा सहा आकडी नंबर दिसतील. मी यावर अख्ख्या खानदानात जोक केलेत. आई, कॉपी करायचं आणि पेस्ट करायचं, दोन सेकंदांचं काम आहे.

तिसऱ्या दिवशी लाइटबिल भरायला गेले. बँकेचं ॲप उघडलं, सगळं भरलं, ओटीपी आला, मेसेजमध्ये जाऊन कॉपी केला, परत ॲपमध्ये आले तर ॲप पहिल्यापासून सुरू. लॉगिन करा. पुन्हा सगळं भरलं, पुन्हा ओटीपी, पुन्हा मेसेज, पुन्हा लॉगिन करा. तिसऱ्या वेळी डोक्यात प्रकाश पडला. रॅम दोनच जीबी, त्यातली बरीचशी सिस्टीमनेच खाल्लेली, त्यामुळे मी मेसेजचं ॲप उघडलं की जागा करायला अँड्रॉइड मागचं बँकेचं ॲप मारून टाकतो. मेमरी कमी पडली की मागची ॲप्स बंद करायची हे त्याचं नेहमीचंच काम आहे, मोठ्या फोनवर ते कळत नाही एवढंच. म्हणजे ह्या फोनवर ॲपमधून बाहेर जायचंच नाही. वरून नोटिफिकेशन डोकावतं तेवढ्यात आकडे वाचायचे, पाठ करायचे आणि टाकायचे.

मी किचनमध्ये उभी राहून मोठ्याने म्हटलं, आठ, दोन, दोन, नऊ. आणि मग एकटीच हसत बसले, थोडं रडूही आलं, पण ते लाइटबिल बघून असेल.

तेव्हापासून मी आईच्या सवयींची यादीच मनात चालवायला लागले. भाजी घेताना ती काय करते, तर भाजीवाला तराजूत टोमॅटो टाकतोय तोवर ही पर्समधून फोन काढून पेमेंटचं ॲप उघडून तयार. मला वाटायचं किती घाई, किती टेन्शन घेते. कोथरूडमध्ये मी पहिल्यांदा ऐटीत पिशवी हातात घेऊन मग फोन काढला, ॲप उघडायला चौदा सेकंद (मोजले), स्कॅनरचा कॅमेरा काळा, मग दिसला, मग ऑटोफोकस, मागे तीन माणसं. भाजीवाला म्हणाला "राहू द्या मॅडम, उद्या द्या". त्याच्या आवाजात जी दया होती ना. दुसऱ्या दिवसापासून मी पण टोमॅटो तराजूत असतानाच ॲप उघडायला लागले. यूपीआय लाइट चालू केलं ते एक बरं झालं, २०२२ मध्ये आलंय ते, छोट्या रकमेला पिन लागत नाही, म्हणजे एक स्क्रीन कमी, आणि ह्या फोनवर एक स्क्रीन कमी म्हणजे काय ते मला आता कळतं.

मग रोज रात्री फोन बंद करून झोपणं. ह्यावर पण मी लेक्चर दिलेलं होतं. तसंच ते वापरून झाल्यावर एकेक ॲप ढकलून बंद करणं, तर "आई त्याने काही होत नाही उलट बॅटरी जाते" हे माझं पेटंट वाक्य. चांगल्या फोनवर बरोबरच आहे ते. पण सकाळी नऊच्या सुमाराला हा फोन असा काही अडकायचा की कॉल वाजतोय पण उचलायचं बटणच दिसत नाहीये. कारण शोधलं तर बॅकग्राउंडला ॲप्स अपडेट होत होती. स्वस्त फोनमध्ये ईएमएमसी नावाचं स्टोरेज असतं, त्यात एका वेळी वाचणं किंवा लिहिणं, दोन्हीपैकी एकच होतं. महागड्या फोनमधल्या यूएफएसमध्ये दोन्ही एकदम चालतं. घाटात रस्त्याचं काम चालू असताना एक बाजू थांबवून दुसरी सोडतात तसं समजा. अपडेट लिहिलं जातंय तोवर माझा कॉल आपला लाल झेंडा धरलेल्या माणसाकडे बघत उभा. आईने काय केलं होतं तर ऑटो अपडेट बंद करून ठेवलेलं, म्हणजे तिने नाही, कोपऱ्यावरच्या मोबाईल रिपेअरवाल्या पोराने करून दिलेलं. आणि ते मीच मागच्या दिवाळीत "सिक्युरिटी असते गं" म्हणून परत चालू केलं होतं. सिक्युरिटीचं खरंच आहे, त्यावरून मी माघार घेणार नाही. पण सकाळी नऊला नको, रात्री वायफायवर करावं, एवढं तरी मी तेव्हा सांगायला पाहिजे होतं.

मॅपची वेगळीच गंमत. ह्या फोनमध्ये कंपास सेन्सरच नाही, त्यामुळे निळा ठिपका दिसतो पण आपलं तोंड कुठे आहे हे दाखवणारा तो निळा झोत दिसत नाही. नारायण पेठेत एका मुंजीला जायचं होतं, प्रत्येक बोळात दहा पावलं चालून बघायचं की ठिपका बरोबर सरकतोय का उलटा. चौथ्या बोळानंतर सरळ एका काकांना विचारलं, आणि पेठेत पत्ता विचारला की पत्त्याबरोबर अजून जे काय मिळतं ते सगळं मिळालं.

चांगलं काय होतं तेही सांगते नाहीतर आई वाचून म्हणेल माझ्या फोनला नावं ठेवते. एफएम रेडिओ! वायरचा हेडफोन लावायचा, तीच वायर अँटेना होते, नेट लागत नाही काही नाही. पोळ्या करताना १०१ वर विविध भारती. बॅटरी रात्री पण तीस टक्के असायची. इन्स्टाग्राम उघडायला इतका वेळ घ्यायचं की मी नादच सोडला, पण ह्याला कृपया डिजिटल डिटॉक्स म्हणू नका. ट्रेन चुकली म्हणून घरी बसलेल्या माणसाने संन्यास घेतला म्हणण्यासारखं होईल ते.

आणि मग नववा का दहावा दिवस असेल, आमचं स्वतःचं ॲप ह्या फोनवर टाकलं. जे ॲप मी दोन वर्षं टेस्ट करतेय ते. कोणतं ते सांगत नाही, नोकरी आहे अजून. आईच्या फोनवर अक्षरं सगळ्यात मोठ्या साइजला ठेवलेली आहेत, ती मी मुद्दाम तशीच ठेवली होती. फॉर्म भरला, आणि खालचं 'पुढे जा' बटण गायब. म्हणजे होतं, पण अक्षरं मोठी झाल्यामुळे ते कीबोर्डच्या खाली गेलेलं आणि पान वर सरकतच नव्हतं. मला एकदम आठवलं, आई एकदा फोनवर म्हणालेली, "तुझं ते ॲप घेतलं बघ, पण त्यात पुढं जाताच येत नाही". आणि मी काय म्हणाले असेन? तू नीट बघत नाहीस.

बग टाकला, म्हणजे ॲपमधली ही चूक ऑफिसात नोंदवली. आमच्याकडे टेस्टिंगला फोन आहेत की, कपाट भरून आहेत, पण सगळ्यात गरीब फोन ६ जीबी रॅमचा. दोन दिवसांनी बग बंद होऊन आला, शेरा होता 'एज केस, लो प्रायॉरिटी', म्हणजे क्वचित कुणाला तरी येणारी अडचण, घाई नाही. माझी आई एज केस. साठीची बाई, चष्मा लागलेला, अक्षरं मोठी केलेली, स्वस्त फोन, आमच्या गल्लीत अशा एज केस प्रत्येक घरात एक आहे.

सोमवारच्या मीटिंगला फोन घेऊनच गेले. आमच्या टीमच्या लीडच्या हातात दिला, म्हटलं फॉर्म भरून दाखवा. त्यांनी ॲपवर टॅप केलं, काही झालं नाही, परत टॅप केलं, मग जोरात टॅप केलं, मग मला विचारलं "हँग झालाय का?" म्हटलं नाही सर, थांबा. सगळे बारा जण थांबलो. मीटिंगमध्ये तेवढी शांतता मी कधी अनुभवलेली नाही. ॲप उघडलं ते तिन्ही टॅप एकदम घेऊन भलत्याच स्क्रीनवर गेलं. बग त्याच दिवशी परत उघडला गेला, बटण आता वर सरकतं. ॲप उघडायचा वेळ मात्र अजून तेवढाच आहे, त्याची चर्चा चालू आहे, चर्चा म्हणजे तुम्हाला माहितीये.

बाविसाव्या दिवशी माझा फोन कपाटातून काढला तर पहिला दिवसभर मी ओटीपी मोठ्यानेच म्हणत होते.

आईचा फोन आता ऑफिसच्या टेस्टिंगच्या कपाटात आहे. तिची परवानगी घेतली, आधी फोटो सगळे आले का ते तिने नव्या फोनवर बसून एकेक तपासलं, त्यात निम्मे गॅसबुकिंगचे नंबर आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, मग मी पुसून दिला. सांगितलं तिला, की आता दहा-बारा इंजिनिअर तुझा फोन वापरतात. तर म्हणाली, "त्यांना सांग रात्री बंद करून ठेवत जा म्हणावं, नाहीतर सकाळी लटकतो."