पणजोबांचा लाल डगला

आमच्या सातारच्या घरात खंडेनवमीला तलवारीशेजारी एक लाल बनातीचा, म्हणजे जाड लोकरी कापडाचा, डगलाही पाटावर मांडला जातो. हा डगला व्हिक्टोरिया राणीच्या काळातला असून पणजोबांनी तो काहानच्या वेढ्यात घातला होता, असे घरातली वडीलधारी माणसे ठामपणे सांगतात. यंदा पूजेआधी तो दिवसाउजेडी अंगणात पसरून मी सावकाश पाहिला.

डगल्याची कॉलर आणि बाह्यांची टोके काळ्या बनातीची आहेत. पणजोबा ज्या पलटणीत सुभेदार झाले तिचे ‘काळी पाचवी’ हे नाव याच काळ्या रंगावरून पडले. ही मुंबई लष्कराची पाचवी पलटण. 1840 मध्ये बलुचिस्तानातील काहानच्या किल्ल्यात तिची एक तुकडी कॅप्टन लुईस ब्राऊन याच्या हाताखाली मरी टोळ्यांच्या वेढ्यात उन्हाळाभर आणि पुढे सप्टेंबरअखेरपर्यंत टिकून राहिली, आणि 1841 मध्ये पलटणीला ‘लाइट इन्फंट्री’ हा किताब मिळाला. मात्र पहिल्या महायुद्धाच्या थोडे आधी पेन्शनीत निघालेला माणूस 1840 च्या वेढ्यात असणे शक्य नाही. शिवाय त्या काळचा लष्करी कोट पुढून कमरेशी कापलेला आणि मागे शेपटे सोडलेला असे. आमच्या डगल्याचा घेर सगळीकडून सारखा आहे आणि ही तऱ्हा क्रिमियन युद्धानंतरची.

खरी मौज गुंड्यांत आहे. पितळी गुंडीवर रणशिंग आणि 105 हा आकडा आहे. 1903 मध्ये हिंदुस्थानचा सरसेनापती किचनेर याने हिंदी पलटणींना नवे क्रमांक दिले, तेव्हा मुंबईकडच्या पायदळ पलटणींच्या जुन्या क्रमांकात शंभर मिळवले गेले आणि पाचवीची 105 वी मराठा लाइट इन्फंट्री झाली. 1922 च्या फेररचनेत हा आकडाही गेला. राणी तर जानेवारी 1901 मध्येच वारली होती, म्हणजे घरची ही गोष्टही कोसळायला हवी. पण प्रत्येक गुंडीभोवती न विटलेल्या गडद लाल कापडाचे एक वर्तुळ दिसते आणि ते आजच्या गुंडीपेक्षा मोठे आहे. शेजारी जुन्या टाक्यांची भोकेही आहेत. गुंड्या नंतर बदलल्या, डगला त्याआधीचा. बगलेखालची शिवण उसवून आतले दाबलेले कापड बाहेर काढले आहे, त्यामुळे तिथे दोन बोटे रुंदीची ताज्या रंगाची पट्टी उमटली आहे. पणजोबांचे वडीलही याच पलटणीत जमादार होते. बापाचा डगला लेकाने सैल करून, नव्या क्रमांकाच्या गुंड्या लावून वापरला असावा, असा माझा तर्क आहे.

मग काहान घरात कुठून आले? माझ्या मते ते पलटणीतून आले. नव्या रंगरुटाला बराकीत सांगितला जाणारा हा पराक्रम पेन्शनीबरोबर गावी आला आणि दोन-तीन पिढ्यांत पलटणीचे ‘आपण’ हे घराचे ‘आपण’ झाले. पहिल्या महायुद्धात एका अपशिंगे गावाने 46 माणसे गमावली, अशा या जिल्ह्यात घर आणि पलटण यांच्यातली रेघ पुसट होणे मला तरी नवलाचे वाटत नाही.

डगल्याला आज खरा धोका कसरीइतकाच पूजेचा आहे. काळ्या कॉलरवर हळदीचे थर बसले आहेत आणि छातीवर कुंकवाने बनात कडक होऊन चिरली आहे. यापुढे हळदकुंकू तलवारीच्या म्यानालाच लावावे आणि डगला सुती कापडात आडवा ठेवून सोबत माहितीची चिठ्ठी ठेवावी, असे मी थोरल्या चुलत्यांना सुचवले. त्यांनी मान्य केले, पण चिठ्ठीत काहानचे नाव आलेच पाहिजे, अशी अट घातली. मी पहिल्या ओळीत पलटणीच्या नावापुढे काहान लिहिले आणि दुसऱ्या ओळीत बापलेकांची नावे, हुद्द्यांसह.