सह्याद्रीचे स्फटिक घेताना आधी बूड पाहा

आपल्या काळ्या पाषाणात, म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हात, वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांत खनिजं विरघळलेलं गरम पाणी झिरपलं आणि अपोफिलाइट, स्टिलबाइट, ओकेनाइट अशा खनिजांचे स्फटिक तयार झाले. जगभरचे संग्राहक ज्यासाठी धडपडतात तो माल ठाणेकरांना दाराशी मिळतो. पण येऊरमधून खडाही उचलू नका, तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. चालू खाणीतही परवानगीशिवाय शिरू नका. सुरुंगानंतर कडे सैल झालेले असतात. बहुतेकांनी विकतच घ्यावं, आणि नीट बघून घ्यावं.

स्फटिक मूळ दगडाला जिथे टेकतो तिथे १० पटीचं भिंग लावा. खऱ्या नमुन्यात बूड दगडात रुतलेलं असतं, भोवती बारीक स्फटिकांची दाटी असते आणि काही त्याच्या अंगावरही चढलेले दिसतात. चिकटवलेल्या स्फटिकाभोवती चकचकीत कडा दिसते, कधी तीत हवेचे बुडबुडे असतात, कधी वर दगडाची भुकटी भुरभुरवलेली असते. यूव्ही टॉर्च मारल्यावर बरेच डिंक निळसर-पांढरे चमकतात. कॅल्साइटही चमकू शकतं, म्हणून नुसती चमक पाहू नका. ती सांध्याच्या रेषेतच आहे का ते पाहा. पुण्याजवळच्या वाघोलीचं निळं कॅव्हन्साइट महाग असल्याने ही तपासणी तिथे सर्वांत जास्त लागते. सुटा गोळा स्वस्तात घ्यायचा आणि पांढऱ्या स्टिलबाइटवर बसवायचा, हा जुना धंदा आहे.

अपोफिलाइटचं टोक तपासा. त्याचा कठीणपणा ४.५ ते ५, आणि तळाला समांतर तो सरळ तुटतो. त्यामुळे तुटलेलं टोकही गुळगुळीत, मोत्यासारखं चमकतं आणि नवख्याला ते नैसर्गिकच वाटतं. शेजारचे स्फटिक टोकदार आणि एकच सपाट असेल तर कारण विचारा. बाजूच्या उभ्या रेघांवरून अपोफिलाइट क्वार्ट्‌झपासून वेगळा ओळखता येतो. क्वार्ट्‌झवर रेघा आडव्या असतात.

ओकेनाइटचे कापसासारखे गोळे पांढरेच असतात. गुलाबी, जांभळे दिसले तर रंगवलेले समजा. बोट लागलं की तंतू दबतात ते कायमचे, म्हणून पार्सलमध्ये गोळ्याला कागद टेकता कामा नये, दगडाची पाठ डब्याला बांधलेली हवी.

घरी आणल्यावर ॲसिड वापरू नका. टॉयलेट क्लीनरने स्कोलेसाइटसारख्या झिओलाइटचा (रचनेत पाणी धरून ठेवणाऱ्या खनिजांचा गट) पृष्ठभाग खराब होतो, त्याची जेली बनते. साधं पाणी आणि मऊ टूथब्रश पुरे. अपोफिलाइटला गरम पाणी नको, तडकतो. ओकेनाइटला पाणीही नको, फुंकणीने धूळ उडवा. लॉमोंटाइट या झिओलाइटचं मात्र उलट आहे. कोरड्या हवेत त्यातलं पाणी जाऊन तो भुसभुशीत होतो. ठाण्याचा दमट पावसाळा त्याला मानवतो, दिवसभर एसी चालू असलेली खोली नाही.

लेबलवर नुसतं ‘जळगाव’ चालवून घेऊ नका. इतर जिल्ह्यांतला मालही त्याच नावाने विकला जातो. गाव, तालुका, खाण, जेवढं विक्रेता खात्रीने सांगेल तेवढंच लिहून घ्या आणि चिठ्ठी नमुन्याच्याच डब्यात ठेवा.