भातखाचरावर टर्फ

ठाण्याजवळच्या ओवळ्यात आमच्या घरामागची मोकळी जागा म्हणजे आजोबांच्या वेळचं भाताचं खाचर. घोडबंदर रोडला टॉवर उभे राहिले, आजूबाजूची खाचरं गेली, हा एक तुकडा तेवढा राहिला. पोरं तासाला पैसे मोजून बॉक्स क्रिकेट खेळायला जायची. मग पुतण्यांनी धोशा लावला, आपल्याच परसात टर्फ, म्हणजे नकली गवत, टाकू. 50 बाय 25 फूट जागा आरामात बसत होती.

आई म्हणाली, "त्या खाचरात पाणी राहावं म्हणून आमच्या दोन पिढ्यांनी चिखलणी केली. आता तू म्हणतोस पाणी राहायला नको." पुढे कामात जी काही डोकेफोड झाली ती सगळी याच एका वाक्याभोवती. चिखलणीत माती पाण्यात इतकी घोटली जाते की तिची छिद्रं बुजतात आणि नांगराच्या तासाखाली घट्ट थर बसतो. भाताला तेच हवं असतं, टर्फला नेमकं उलट. संध्याकाळी फूटभर खड्डा खणून त्यात बादलीभर पाणी ओतलं. सकाळी पाणी जवळजवळ तेवढंच होतं. म्हणजे ते खाली मुरण्याची आशा सोडायची आणि बाजूने बाहेर काढायचं, हे तिथेच ठरलं.

कंत्राटदार आले ते सगळे हातात हिरवे नमुने घेऊन. कुठली छटा, किती मिलिमीटर, किती वर्षांची हमी, बोलणं सगळं वरच्या दोन बोटांचं. एकाचं म्हणणं, मुरूम टाकून सपाट करू आणि अंथरू. दुसरा म्हणाला, सरळ पीसीसी, म्हणजे सळ्यांशिवायचं साधं काँक्रीट, घाला, कटकट नको. माझे भाऊजी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, त्यांनी दोन्ही मोडीत काढले. "ही माती पावसात फुगते, मे महिन्यात भेगाळते. पातळ काँक्रीटला तडा जाणारच. खडी थोडी हलली तरी पुन्हा बसवता येते. आणि गावठी मुरमात अर्धी मातीच असते, तो पाणी धरून ठेवणार." मग टर्फवाल्याला फक्त टर्फचं काम दिलं, खालचं सगळं आम्ही ओळखीच्या मुकादमाकडून करून घेतलं.

खोदाई उन्हाळ्याच्या तोंडावर, जमीन वाळल्यावर. ओल्या चिकणमातीवर यंत्र फिरवलं की ती दबत नाही, नुसती डुलते. 8 इंच खोदलं तरी 8 ब्रासच्या वर (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) माती निघते, आणि डंपरमध्ये भरताना ती फुगून आणखी जास्त होते. ही माती टाकायची कुठे, हे आधी ठरवलेलं बरं. आमची बरीचशी शेजारच्या काकांनी बागेला नेली.

खरी मेहनत उताराची. लोक वरच्या थराला उतार देतात आणि खाली मातीचा तळ सपाट ठेवतात. मग खडीतून गेलेलं पाणी त्या तळावर साचून राहतं. आम्ही आधी मातीलाच 1 टक्का उतार दिला, म्हणजे 25 फुटांच्या रुंदीत 3 इंच. मुकादम पाण्याची नळी लावून पुन्हा पुन्हा माप घेत होता आणि भाऊजी त्याला पुन्हा पुन्हा घ्यायला लावत होते. शेवटी तो म्हणाला, "साहेब, विमान उतरवायचंय का इथे?" एका कोपऱ्यात जुन्या मोरीचं पाणी मुरायचं, तिथली माती लिबलिबीत लागली. ती पूर्ण काढून दगड भरले.

त्यावर जिओ टेक्सटाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती आणि खडी वेगळी ठेवणारं कापड. हे कापड वाचवायचा मोह होतो, कारण नंतर ते दिसत नाही. पण ते नसेल तर पावसाळ्यात चिकणमाती वर चढते, खडी खाली रुतते आणि पृष्ठभागाला खड्डे पडतात. कापडावर 9 इंच खडी, प्रत्येक थर 3-4 इंचांचा, प्लेट कॉम्पॅक्टरने ठोकून. वर 3 इंच ग्रिट आणि डस्ट, म्हणजे बारीक कच आणि दगडाची भुकटी. उताराच्या कडेला चर, त्यात छिद्रांचा 4 इंची पीव्हीसी पाइप, छिद्रं खालच्या अंगाला, भोवती बारीक खडी आणि पुन्हा तेच कापड.

8 इंच खोदून 12 इंच भरल्याने कोर्ट अंगणापेक्षा 4 इंच वर आलं. हे मुद्दाम केलं. आमच्याकडचं पाणी नाल्यातून गायमुखच्या खाडीकडे जातं. जोराचा पाऊस आणि भरती एका वेळी आली की नाला तुंबतो आणि पाणी मागे येतं. बाहेरची वाट बंद झाल्यावर आतला पाइप काय करणार? उंचीच कामाला येते.

टर्फ अंथरणं त्यामानाने सोपं. 4 मीटर रुंदीचे दोन रोल, मधोमध एकच सांधा, दोन्हींच्या पात्यांचा कल एका दिशेला. आमचा हट्ट आखूड पात्याचा. फुटबॉलच्या 50 मिलिमीटर गवतावर टेनिसचा चेंडू टप्पा खाऊन मरतो. पात्यांच्या मध्ये भर म्हणून फक्त सिलिका वाळू घेतली. काळे रबरी दाणे टर्फवाल्याला खपवायचे होते, पण आमच्या उतारावरून ते पहिल्या पावसात चरात आणि तिथून खाडीत गेले असते. युरोपीय संघाने 2023 मध्ये अशा दाण्यांवर नियम केला, 2031 पासून तिथे ते विकताही येणार नाहीत. आपल्याकडे अजून पोत्यांनी मिळतात.

खर्चाचं विचाराल तर जमिनीखाली गेलेले पैसे टर्फपेक्षा जास्त झाले. पुतण्यांना ते अजून पटलेलं नाही.

जुलैच्या धो-धो पावसात कडेला पाणी दिसायचं, पण पाऊस थांबला की थोड्या वेळात पोरं बॅट घेऊन हजर. तक्रारी दोनच. एप्रिल-मेच्या दुपारी टर्फ इतकं तापतं की अनवाणी पाय ठेववत नाही, पाणी मारलं तरी तेवढ्यापुरतंच. आणि भिंतीच्या सावलीतल्या पट्ट्यावर पावसाळ्यात शेवाळ धरतं, तिथे गोलंदाज घसरतो. तो पट्टा कडक ब्रशने घासावा लागतो, आणि मे संपायच्या आत पाइपच्या तोंडाशी असलेल्या चेंबरमधला गाळ काढावा लागतो. ज्याची विकेट सगळ्यात आधी पडेल त्याने तो काढायचा, असं पोरांनी परस्पर ठरवून टाकलंय.