तुम्ही विचारलंत म्हणून: रेडिओ ऐकायला उपग्रहाचं घड्याळ कशाला?

हा प्रश्न मला सारखा येतो. हॅम रेडिओचे, म्हणजे हौशी लोकांच्या रेडिओचे, सिग्नल ऐकायला मी गच्चीवर ठेवलेला छोटा डबा दाखवला, आत रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर आहे, रिसीव्हर आहे, अँटेना आहे असं सांगितलं की लोक मान डोलावतात, आणि मग शेजारी चिकटवलेलं जीपीएस मॉड्यूल दिसलं की विचारतात, अहो डबा तर जागचा हलत नाही, मग जीपीएस कशाला? वेळेसाठी म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, वेळ तर नेटवरून फुकट मिळते की. दोन्ही प्रश्न बरोबर आहेत म्हणून एकदा नीट लिहून टाकतो.

आधी हे समजून घ्यायला हवं की मी जे ऐकतो त्याला अचूक वेळ कशासाठी हवी. हॅम रेडिओत आता डिजिटल मोड फार चालतात, त्यात एफटी८ सगळ्यात लोकप्रिय. ही पद्धत २०१७ मध्ये जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके या दोघांनी आणली. यात सगळं जग पंधरा पंधरा सेकंदांच्या खिडक्यांत बोलतं, मिनिटाच्या ००, १५, ३० आणि ४५ व्या सेकंदाला खिडकी उघडते, पाठवणाऱ्याचा सिग्नल अर्ध्या सेकंदाने सुरू होतो आणि १२.६४ सेकंद चालतो, उरलेल्या वेळात समोरचा कॉम्प्युटर ते उलगडतो. डब्ल्यूएसपीआर, ज्याला आम्ही व्हिस्पर म्हणतो, ते त्याहून निवांत: सम मिनिटाला एक सेकंद झाला की सुरू, आणि ११०.६ सेकंद एकच छोटासा निरोप, त्यात कॉलसाइन म्हणजे स्टेशनचं नाव, ठिकाणाचा चार अक्षरी लोकेटर म्हणजे नकाशावरच्या चौकोनाचा संकेत, आणि पॉवर, बस.

हे सिग्नल कानाला ऐकूही येत नाहीत इतके क्षीण असू शकतात. एफटी८ साधारण उणे २१ डेसिबलपर्यंत, म्हणजे गोंगाटाच्या तेवढं खाली असलं तरी, निघतं आणि व्हिस्पर त्याच्याही खाली. एवढ्या गोंगाटातून ते काढता येतं त्याचं एक मोठं कारण म्हणजे डीकोडरला, म्हणजे सिग्नल उलगडणाऱ्या प्रोग्रामला, आधीच माहीत असतं की सिग्नल कधी सुरू होणार. त्याला सगळीकडे शोधायचं नसतं, ठरलेल्या क्षणाच्या थोडं अलीकडे पलीकडे शोधायचं असतं. घड्याळ दोन अडीच सेकंद चुकलं की त्या शोधाच्या पट्ट्यातून सिग्नलच बाहेर जातो आणि स्क्रीन कोरी. वॉटरफॉलवर, म्हणजे सिग्नल रेघांनी दाखवणाऱ्या चित्रात, रेघा स्वच्छ दिसताहेत, अँटेना उत्तम, बँड उघडा, आणि एक अक्षर निघत नाही, अशी तक्रार कोणी घेऊन आलं की मी आधी घड्याळ बघायला सांगतो आणि बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

आता गंमत अशी की दोन सेकंदांची सवलत ऐकून वाटतं की मग भरपूर आहे. पण ती सवलत तुमच्या एकट्याची नाही, पाठवणाऱ्याचीही आहे. तो एक सेकंद पुढे आणि तुम्ही सव्वा सेकंद मागे म्हणजे दोघांची चूक बेरजेत आली, आणि त्याला कळत नाही की तुम्हाला तो ऐकू येत नाही. म्हणून एका सेकंदाच्या आत ठेवा असा सल्ला देतात, आणि मी म्हणतो ऐकणाऱ्याने स्वतःची चूक शून्याच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्यावी म्हणजे सगळी सवलत समोरच्याला मिळते. आपण पाठवत नाही, फक्त ऐकतो, तर निदान नीट ऐकावं.

मग रास्पबेरी पायचं काय अडतं? पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही. पाय ५ वर आहे पण त्याची बॅटरी वेगळी लावावी लागते. वीज गेली की वेळ गेली, परत चालू झाल्यावर तो डिस्कवर शेवटची लिहून ठेवलेली वेळ उचलतो आणि तिथून मोजायला लागतो, म्हणजे चार तास वीज नव्हती तर निदान चार तास मागे. आणि चालू असतानाही आतला क्रिस्टल काही फार अचूक नसतो, दहा लाखात वीस भाग एवढी चूक अशा क्रिस्टलमध्ये अगदी सामान्य आहे आणि तिचा हिशोब दिवसाला पावणेदोन सेकंद होतो. त्यात गच्चीवर दुपारी तापणार, पहाटे गार पडणार, की चूकही बदलत राहणार. म्हणजे सकाळी घड्याळ हाताने लावलं तर दुसऱ्या सकाळपर्यंत एफटी८ कुरकुरायला लागलेलं असतं.

नेट असेल तर एनटीपी, म्हणजे नेटवरून वेळ जुळवायची पद्धत, हे सोडवतं, आणि चांगलं सोडवतं, काही मिलिसेकंदांत आणून ठेवतं. खरं सांगायचं तर घरात, राउटरजवळ, कायम नेट असलेल्या पायला एफटी८ साठी जीपीएसची गरज नाही. हे मी प्रत्येकाला आधी सांगतो, उगाच खरेदी करू नका. पण रेडिओ ऐकायची चांगली जागा आणि नेटची चांगली जागा या दोन सहसा एक नसतात! राउटर, चार्जर, एलईडी दिवे, टीव्ही हे सगळे शॉर्टवेव्हवर गोंगाट करतात आणि त्यांच्यापासून पळण्यासाठीच आपण डबा लांब नेतो, गच्चीच्या कोपऱ्यात, शेताच्या बांधावर, डोंगरावर. तिथे नेट नाही किंवा येतं जातं. आणि आकाश मात्र पूर्ण उघडं आहे. जीपीएसला नेमकं तेच हवं असतं, म्हणून ही जोडी मला इतकी पटते.

त्या उपग्रहांबद्दल थोडं बोलल्याशिवाय मला राहवत नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात, प्रत्येकात अणुघड्याळं आहेत, आणि ते मूळात काय सांगतात तर वेळ आणि तो उपग्रह स्वतः कुठे आहे ते. आपलं ठिकाण आपला रिसीव्हर त्यातून काढतो. त्यासाठी निदान चार उपग्रह लागतात, तीन कशाला आणि चौथा कशाला तर तीन अज्ञात जागेचे आणि चौथं अज्ञात म्हणजे आपल्या स्वतःच्या घड्याळाची चूक. म्हणजे ठिकाण कळायचं तर आधी वेळ सोडवावीच लागते, वेळ ही जीपीएसची जोडधंद्याची वस्तू नाही, ती त्याच्या मुळातच आहे. तिथली घड्याळं सापेक्षतेमुळे जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात आणि ती दुरुस्ती आधीच धरलेली असते. आणि ज्या जो टेलरने आमचे हे मोड बनवले त्याला १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल रसेल हल्सबरोबर मिळालं ते जोडीतल्या पल्सारच्या, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ स्पंद पाठवणाऱ्या ताऱ्याच्या, शोधासाठी, ज्याचे स्पंद वर्षानुवर्षं मोजून आइनस्टाइनचा सिद्धांत तपासता आला. क्षीण सिग्नल आणि अचूक वेळ, त्याचं आयुष्यभराचं काम हेच, आणि त्यातलं थोडं आपल्या गच्चीवरच्या डब्यात चालतं याचा मला मनापासून आनंद होतो.

आता जोडणी. मॉड्यूलमधून दोन वेगळ्या गोष्टी बाहेर येतात आणि हा फरक कळला की बाकी सगळं सोपं आहे. एक म्हणजे सिरियल लाइनवरून दर सेकंदाला येणारी एनएमईए वाक्यं, ज्यात तारीख, वेळ, ठिकाण असतं. दुसरी पीपीएस म्हणजे दर सेकंदाला एका वायरवर येणारा एक पल्स. वाक्य सांगतं की कुठला सेकंद, पण ते उशिरा येतं. पल्स नेमका सेकंदाच्या सुरुवातीला येतो पण कुठला सेकंद ते सांगत नाही, देवळात कोणी घंटा वाजवावी तसं, वाजली हे कळलं पण किती वाजले ते कळलं नाही. दोन्ही लागतात.

वाक्य उशिरा येतं म्हणजे किती? बरीच मॉड्यूल ९६०० बॉड या सिरियल लाइनच्या वेगावर येतात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं, आणि नेहमीची सगळी वाक्यं चालू असली तर दर सेकंदाला चारपाचशे अक्षरं सहज होतात, म्हणजे नुसतं टाइप होण्यातच अर्धा सेकंद. त्यात दिसणाऱ्या उपग्रहांची यादी देणारी वाक्यं असतात, उपग्रह वाढले की वाक्यं वाढतात, कमी झाले की कमी, म्हणजे उशीरही स्थिर नाही, आकाशाबरोबर बदलतो. उपाय सोपा आहे, नको ती वाक्यं बंद करा, आरएमसी नावाचं वाक्य तेवढं ठेवा, त्यात वेळ आणि तारीख दोन्ही असतात, आणि जमलं तर बॉड रेट वाढवा. मग उरलेला उशीर बऱ्यापैकी ठरावीक होतो आणि तो कॉन्फिगमध्ये ऑफसेट म्हणून वजा करता येतो. एवढं केलं की पल्स न वापरताही एफटी८ आणि व्हिस्पर दोन्ही आरामात चालतात. यूएसबीवाला जीपीएस, ज्यातून बहुतेकदा पल्स बाहेर काढलेला नसतो, तोही चालतो.

मी पल्स लावलाय, कारण एक वायर जास्त लावायची आहे फक्त. मॉड्यूलची पीपीएस पिन पायच्या जीपीआयओ १८ या पिनला, बूटच्या कॉन्फिगमध्ये पीपीएसचा ओव्हरले, म्हणजे ती सोय सुरू करणारी ओळ, त्या पिनचा नंबर देऊन, आणि सिरियल कन्सोल बंद, नाहीतर पाय त्याच लाइनवर लॉगिन मागत बसतो. एक सांभाळा, पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, ५ व्होल्टचा पल्स थेट दिला तर पिन जाईल. मग जीपीएसडी हा प्रोग्राम वाक्यं वाचतो, तो कोणी विचारायची वाट न बघता सुरुवातीपासून वाचत राहील असा पर्याय द्यायचा, आणि क्रोनीला, म्हणजे पायचं घड्याळ जुळवणाऱ्या प्रोग्रामला, दोन घड्याळं दाखवायची: वाक्यांचं, ज्यावर आपण भरवसा थोडाच ठेवतो, आणि पल्सचं, जे वाक्यांच्या घड्याळाला बांधलेलं असतं. वाक्यांचा ऑफसेट अर्ध्या सेकंदाहून जास्त चुकला तर पल्स शेजारच्या सेकंदाला चिकटतो आणि घड्याळ अगदी स्थिरपणे एक सेकंद चुकीचं चालतं, म्हणून तो ऑफसेट एकदा नेट जोडून एनटीपीशी ताडून घ्यायचा. नंतर नेट काढून टाकलं तरी चालतं. क्रोनीच्या यादीत पल्सच्या ओळीपुढे चांदणी दिसली आणि चूक मायक्रोसेकंदांत आली की झालं.

यानंतरची एक गोष्ट बरेच जण सोडून देतात. बूट झाल्यावर डीकोडर लगेच सुरू होतो पण जीपीएसला पहिला फिक्स मिळायला, म्हणजे उपग्रह पकडून ठिकाण आणि वेळ ठरवायला, वेळ लागतो, उघड्यावर अर्ध्या मिनिटाच्या आसपास, आडोशाला कितीही. मधल्या वेळात जुन्या वेळेने काम चालू राहतं, आणि मग घड्याळ एकदम उडी मारतं. म्हणून क्रोनीला सुरुवातीच्या दुरुस्तीत उडी मारायची परवानगी द्यायची, नंतर फक्त हळूहळू सरकवायची, आणि वेळ जुळेपर्यंत डीकोडरला थांबवून ठेवायचं. याला मी फार महत्त्व देतो, कारण आपले रिपोर्ट पीएसके रिपोर्टर या कोणी काय ऐकलं ते जमवणाऱ्या साइटवर किंवा व्हिस्परच्या सामायिक डेटाबेसमध्ये जातात, तिथे कोणीतरी ते आयनोस्फिअरच्या, म्हणजे शॉर्टवेव्ह परत जमिनीकडे वळवणाऱ्या वरच्या हवेच्या थराच्या, अभ्यासाला वापरतं, आणि अमुक वाजता अमुक ऐकलं हे विधान वेळ चुकीची असेल तर खोटंच होतं. व्हिस्परमध्ये तर हे सहज घडू शकतं, घड्याळ बरोबर दोन मिनिटांनी किंवा एक तासाने चुकलेलं असेल तर डीकोड सगळे व्यवस्थित होतात, फक्त त्यांच्यावरची वेळ चुकीची. त्याच कारणाने पायचा टाइमझोनही यूटीसीच, म्हणजे सगळ्या जगाची सामायिक वेळच, ठेवा.

जीपीएसची स्वतःची वेळ आणि यूटीसी एक नाही हेही माहीत असलेलं बरं. जीपीएसची गणती ६ जानेवारी १९८० पासून लीप सेकंद, म्हणजे यूटीसीत अधूनमधून घातला जाणारा जादा सेकंद, न घालता चालली आहे, २०१७ च्या सुरुवातीपासून ती यूटीसीच्या १८ सेकंद पुढे आहे. हा फरक उपग्रहच सांगतात, पण त्यांचा पूर्ण संदेश यायला साडेबारा मिनिटं लागतात, त्यामुळे बरेच दिवस बंद असलेलं जुनं मॉड्यूल सुरुवातीला काही सेकंद चुकीचं सांगू शकतं आणि मग आपोआप सुधारतं. आणखी, आठवड्यांचा आकडा १०२४ झाले की परत शून्यावर येतो, १९९९ च्या ऑगस्टमध्ये आला, २०१९ च्या एप्रिलमध्ये आला, म्हणून अगदी जुन्या मॉड्यूलवर सेकंद अचूक पण तारीख एकोणीस वर्षांहून जास्त मागची असं दिसतं. स्वस्तात जुना माल मिळाला तर आधी तारीख बघा.

जीपीएस लावला म्हणून रिसीव्हरची फ्रिक्वेन्सी सुधारेल ही समजूत मात्र काढून टाका. पायचं घड्याळ आणि रिसीव्हरची फ्रिक्वेन्सी ठरवणारा ऑसिलेटर हे दोन वेगळे आहेत. व्हिस्परचा सिग्नल जेमतेम ६ हर्ट्झ रुंद असतो आणि सगळे २०० हर्ट्झच्या पट्टीत बसलेले असतात, तिथे रिसीव्हर सरकत असेल तर त्याला चांगला टीसीएक्सओ, म्हणजे तापमान बदललं तरी फारसा न सरकणारा ऑसिलेटर, किंवा जीपीएसने बांधलेला ऑसिलेटरच लागतो, तो वेगळा खर्च आणि वेगळं काम.

आणि जीपीएसही नको, नेटही नाही, असं असेल तर? डीएस३२३१ ची छोटी बॅटरीवाली घड्याळचिप लावा. नेहमीच्या तापमानात तिची चूक दहा लाखात दोन भागांच्या आत असते, म्हणजे दिवसाला एक षष्ठांश सेकंदाच्या आसपास, एकदा नीट लावून नेली तर शनिवार रविवारच्या डोंगरावरच्या मुक्कामाला पुरते. त्याहून जास्त दिवस राहायचं असेल तर एफटी८ च्या डीकोडमध्ये डीटीचा, म्हणजे सिग्नल ठरलेल्या क्षणाच्या किती मागेपुढे आला ते सांगणारा, रकाना बघत जा, बहुतेक स्टेशनं एकाच बाजूला सारखीच सरकलेली दिसली तर सरकलेलं घड्याळ तुमचं आहे, तेवढं मागेपुढे करून घ्या.