सह्यांची यादी

एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी काम करणाऱ्या आमच्या लहान संस्थेच्या बळकटीकरणासाठी निधी मिळण्याची शक्यता होती आणि पाहणीला मुंबईहून दोघं येणार होते. आठ दिवस मी कागदांत बुडालो होतो. नोंदणीपत्र, करसवलतीची १२ए आणि ८०जी प्रमाणपत्रं, कंपन्यांचा निधी घेण्यासाठीची सीएसआर-१ नोंदणी, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, सगळं टेबलावर रचून ठेवलं. आमचं ऑफिस नाशिकमध्ये दोन खोल्यांचं. बाहेरच्या पाटीवर एचआयव्ही हा शब्द मुद्दाम लिहिलेला नाही, कारण जिना चढणाऱ्या बाईला शेजाऱ्यांच्या नजरा झेलाव्या लागू नयेत.

हा निधी आम्हाला का हवा होता ते सांगतो. पूर्वी परदेशी मदत एका मोठ्या संस्थेमार्फत आमच्यापर्यंत यायची. २०२० च्या सप्टेंबरमध्ये परदेशी देणग्यांवरच्या एफसीआरए कायद्यात दुरुस्ती झाली आणि परदेशातून आलेला पैसा एका संस्थेनं दुसरीला देणं बंद झालं. आमच्यासारख्या कितीतरी लहान संस्थांचा तोच एक आधार होता. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला आटोक्यात ठेवणाऱ्या गोळ्या सरकार मोफत देतं, देशात २००४ पासून. खर्च येतो तो माणसाला गोळ्यांपर्यंत पोचवण्याचा, आणि तो कुणाच्याच अंदाजपत्रकात नीट बसत नाही.

पेठ-सुरगाण्याकडची माणसं द्राक्षाच्या हंगामात टोळीनं दिंडोरी-निफाडच्या बागांवर येतात. जिल्हा रुग्णालयात गोळ्या न्यायची तारीख आली, तरी मुकादमाकडे सुटी कशी मागायची? तो विचारणारच, कशाला जायचंय म्हणून. मग तारीख चुकते. गोळ्यांत खंड पडला की विषाणू पुन्हा वाढतो, कधी औषधाला दाद देईनासा होतो. अशा वेळी आमच्या कार्यकर्त्या ताई बागेवर जातात, ओळखीची बाई म्हणून. त्या स्वतः वर्षानुवर्षं एचआयव्हीसह जगताहेत. मुकादमाशी काय बोलायचं, कोणत्या दिवशी काम हलकं असतं, हे त्यांना ठाऊक. त्यांच्याकडे एक शाळकरी वही आहे. तिच्यात प्रत्येकाला एक क्रमांक, पुढच्या गोळ्यांची तारीख, आणि शेवटच्या पानांवर त्या क्रमांकांची नावं.

पाहुण्यांच्या नमुन्यात, गोळ्या आणायला जाण्यासाठी आमच्याकडून प्रवासखर्च घेणाऱ्यांची यादी मागितली होती : नाव, गाव, मोबाइल, सही. आदल्या संध्याकाळी ताई वही कपाटात ठेवून गेल्या होत्या. मी ती काढली आणि नावं उतरवली. सह्या नंतर घेऊ असं मनाशी ठरवलं. त्यांना विचारलं नाही. हे माझं चुकलं.

सकाळ चांगली गेली. हिशेब पाहणारे सर फाइल चाळत त्या पानावर आले, तेव्हा ताई चहाचा ट्रे घेऊन आत येत होत्या. त्यांनी ट्रे ठेवला, पान ओळखलं आणि हात पुढे केला.

"सर, ते पान मला द्या."

सरांना काही कळेना. ताईंनी ते फाइलमधून काढून त्याची चौघडी घातली.

"यातली एक बाई नवऱ्याच्या घरात लपून गोळ्या खाती. तिचं नाव मुंबईला जाणार नाही. पैसे नाही मिळाले तरी चालतील."

मला घाम फुटला. निधी गेला असंच वाटलं. पण सरांचा प्रश्नही रास्त होता : पैसे त्याच माणसाच्या हातात पडले हे कशावरून? पावती नको तर दुसरं काय?

सोबतच्या मॅडमनी ताईंना खाली बसायला सांगितलं. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ चा आहे, तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, आणि त्याच्या कलम ८ नुसार संमतीशिवाय कुणाची एचआयव्ही स्थिती उघड करता येत नाही, हे त्या सरांना म्हणाल्या. आमच्या यादीत नाव असणं म्हणजेच स्थिती उघड होणं. हा कायदा मी प्रशिक्षणात दोनदा ऐकला होता, तरी ती यादी बनवताना माझा हात थांबला नव्हता.

पुढचा तासभर चौघं मिळून आम्ही रीत ठरवत होतो. व्हाउचरवर फक्त क्रमांक. त्याला एसटीचं तिकीट जोडायचं. काळी-पिवळी जीपनं आलेल्याला तिकीट मिळत नाही, हे ताईंनीच लक्षात आणून दिलं. मग त्याच्या एआरटीच्या पुस्तकातली गोळ्या मिळाल्याची तारीख ताईंनी पाहायची आणि व्हाउचरवर त्यांची व अध्यक्षांची सही घ्यायची. नावांची पानं कुलपात. लेखापरीक्षकानं क्रमांक, तारखा आणि रक्कम ताडून पाहायची. सर शेवटी म्हणाले, "हे आमच्या नमुन्यापेक्षा पक्कं आहे."

बळकटीकरण म्हटलं की बहुतेक वेळा एक लॅपटॉप आणि हॉटेलातली दोन दिवसांची कार्यशाळा पदरी पडते. मंजुरीपत्रात आम्हाला अर्धवेळ हिशेबनीस, कुलपाचं लोखंडी कपाट आणि ताईंचं बारा महिन्यांचं मानधन मिळालं. मानधनाची ती ओळ मी तीनदा वाचली. आजवर निधीच्या दोन हप्त्यांच्या मधल्या महिन्यांत ताई बिनपगारी बागांवर जात आल्या होत्या.

पण त्या दिवशी हे काहीच माहीत नव्हतं. पाहुणे गेले आणि ताईंनी दिंडोरीकडे जायला उचल मागितली, एकीची तारीख उद्याची होती. मी व्हाउचर लिहिलं, त्यावर कामासाठी म्हणून त्या बाईचा क्रमांक टाकला. ताईंनी वही उघडली, क्रमांक बोटानं ताडून पाहिला, आणि मगच पैसे घेतले.