नाकातल्या पट्ट्या निघाल्या!

नाकाचा वाकडा पडदा सरळ करायच्या ऑपरेशनमध्ये (सेप्टोप्लास्टी) बसवलेल्या सिलिकॉनच्या पट्ट्या आज डॉक्टरांनी काढल्या. डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि लगेच उजव्या नाकपुडीतून गार हवा थेट घशापर्यंत गेली! मधला पडदा वाकडा, म्हणून वर्षानुवर्षं तोंड उघडं ठेवून झोपायचं, सकाळी घसा कोरडा. स्प्रेने सूज उतरते, पडद्यातली वाकडी कूर्चा (हाडापेक्षा मऊ, लवचिक भाग) सरळ होत नाही. एकच बाजू कायम बंद असेल तर नुसते ड्रॉप टाकत बसू नका, कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने तपासून घ्या. सेप्टोप्लास्टीत टाके आतूनच असतात, चेहऱ्यावर व्रण नाही (आईला हीच मोठी काळजी होती). आत अजून खपल्या आहेत. मिठाच्या पाण्याने नाक धुणं चालू, शिंकरायला सक्त मनाई, आणि शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून.