ग्रेपफ्रूट म्हणजे द्राक्ष नव्हे

दादांना एएमएल, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, निघाला तेव्हा निफाडच्या द्राक्षबागेत माल तोडणीला आला होता. वय ७६, जोराची किमो झेपणार नव्हती. नाशिकच्या डॉक्टरांनी दोन औषधं जोडीनं द्यायचं ठरवलं. अ‍ॅझासिटिडीन हे एपिजेनेटिक: डीएनएवर मिथाइलच्या खुणा बसून गप्प झालेली जनुकं ते पुन्हा बोलती करतं. व्हेनेटोक्लॅक्स बीसीएल-२ हे प्रथिन अडवतं, ज्याच्या जिवावर कॅन्सरची पेशी मरण टाळत असते.

"म्हणजे टँक मिक्स," दादा म्हणाले. फवारणीत आयुष्य गेलेल्या माणसाला आणखी काय समजवायचं!

२०२० साली छापून आलेल्या चाचणीत नुसत्या अ‍ॅझासिटिडीनवर मध्यक आयुष्य, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याच्या पुढे जगले तो काळ, ९.६ महिने होतं, जोडीनं १४.७. हा आकडा मी दादांना सांगितला नाही.

पहिले पाच दिवस अ‍ॅडमिट. पेशी एकदम मेल्या तर किडनीवर ताण येतो, म्हणून व्हेनेटोक्लॅक्सची गोळी १००, २००, मग ४०० मिलिग्रॅम, आणि रोज रक्त तपासणी. अ‍ॅझासिटिडीनचं इंजेक्शन पोटावर, कातडीखाली. सिस्टर आधी सिरिंज दोन्ही तळहातांत वात वळल्यासारखी घोळवायच्या, आतलं पाणी दुधाळ होईपर्यंत. शनिवार-रविवार डे केअर बंद, सातांपैकी उरलेली दोन इंजेक्शनं सोमवार-मंगळवारी.

घोळ घातला तो गोळीच्या माहितीपत्रकानं. 'ग्रेपफ्रूट खाऊ नये' वाचून भावानं घरातली द्राक्षं शेजाऱ्यांकडे पोचवली. आठ दिवसांनी मी विचारलं, तर डॉक्टर हसले. ते पपनसाच्या जातीचं फळ. व्हेनेटोक्लॅक्स मोडणारं शरीरातलं एन्झाइम ते रोखतं आणि रक्तात औषध वाढतं. बुरशीच्या संसर्गासाठीचं व्होरिकोनॅझोल सुरू झालं तेव्हा गोळी १००वर आणली, तीही याच कारणानं.

"मग द्राक्षं चालतील?"

"नाही. पांढऱ्या पेशी वर येईपर्यंत संसर्ग नको म्हणून फळ सोलूनच खायचं. केळं द्या."

दादांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू पत्रक मीच छापलं होतं.

अठ्ठाविसाव्या दिवशी बोन मॅरोत ब्लास्ट, म्हणजे कॅन्सरच्या अपक्व पेशी, ५ टक्क्यांच्या खाली आले. रक्तातल्या चांगल्या पेशी मात्र चढेनात. दुसरी सायकल, म्हणजे औषधांची पुढची फेरी, आठवडाभर लांबली. डॉक्टरांनी द्राक्षांना हो म्हटलं तोवर बाग रिकामी झालेली. भावानं बाजारातून अर्धा किलो आणली. दादांनी घड हातात घेतला, देठ बघितला आणि आधी भाव विचारला.